ट्रॉलीला ब्रेक कुठं असतो?

हनुमंत : …म्हणून म्हणतो, तिला हितं बोलवा आन् सांगा, पिन दे. माझं ऐकलं न्हाई तिनं. तुमचं ऐकंल.

मॅडम : तुम्ही आधी बसा. प्रगतीचे वडील ना तुम्ही? मागच्या पालकसभेला शेवटच्या बाकावर बसला होतात.

हनुमंत : बसलो न्हवतो, झोपलो व्हतो. दोन दिस कारखान्यावर नंबरात उभा व्हतो. ते जाऊंद्या. स्वप्नाली मॅडम तुम्हीच ना? नववीला सायन्स शिकवता त्या?

मॅडम : मीच. पण पिन कसली, ते मला कळलं नाही.

हनुमंत : ट्रॉलीची. मी उसाची वाहतूक करतो, न्हावऱ्यातनं कारखान्याला. ट्रॅक्टरच्या मागं एक ट्रॉली, तिच्या मागं दुसरी. ह्या दोघींना जोडाया पिन लागती. वीतभर लांब, अंगठ्याच्या दुप्पट जाड, लोखंडी. काल सांच्याला दोन्ही ट्रॉल्या भरून तयार, आन् पिन गायब. तास घालवला हुडकण्यात. दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्या म्हाळूची पिन आणली, ती बसंना. शेवटाला एकच ट्रॉली घेऊन गेलो. दुसरी आजून रानात हाय, उनात वाळती. मुकादम सगळ्या टोळीदेखत बोलला मला.

मॅडम : आणि पिन प्रगतीनं घेतली?

हनुमंत : तिनंच सांगितलं की सकाळी! भाकरी थापता थापता. म्हणली, पिन माझ्यापाशी हाय, देणार न्हाई. का न्हाई इचारलं तर म्हणती, मॅडमनी गणित घातलंय.

मॅडम : मी?

हनुमंत : व्हय. ट्रॉलीचं. आता मॅडम, तुम्ही पोरांना गणितं घाला, हजार घाला, पर पुस्तकातली घाला. आमच्या ट्रॉल्या कशाला त्यात?

मॅडम : सांगते. मी इथं आले तेव्हा पोरांना न्यूटनचा पहिला नियम घडाघडा पाठ होता. मी विचारलं, सायकलचं पेडल मारायचं थांबवलं की सायकल थोड्या वेळानं का थांबते? सगळे म्हणाले, जोर संपतो म्हणून.

हनुमंत : मंग? जोर संपल्यावर थांबणारच की.

मॅडम : बघा! तुम्हीही तेच म्हणालात.

हनुमंत : आन् चुकलं काय त्यात?

मॅडम : जोर म्हणजे काय टाकीतलं डिझेल नाही संपायला. कोणीतरी थांबवतं म्हणून सायकल थांबते. रस्ता, वारा, ब्रेक. थांबवणारं काहीच नसेल तर ती जातच राहील. पोरं हे परीक्षेत लिहितात, मार्क मिळवतात, आणि वर्गाबाहेर पडली की पुन्हा ‘जोर संपला’. पुस्तकातलं एका कप्प्यात, डोक्यातलं दुसऱ्या. म्हणून मी यंदा उलटं सुरू केलं. व्याख्या आधी सांगायची नाही. आधी इथलाच एक प्रश्न द्यायचा. त्यांनी अंदाज लिहायचा, आपसांत भांडायचं, मग करून बघायचं. करून बघताना चुकलेलं डोक्यातून निघतं.

हनुमंत : आन् पिन बी निघती.

मॅडम : ती कशी निघाली ते मलाही कळेना. कारण प्रश्न अगदी साधा होता. भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली, दोन्ही सारख्याच वेगानं चालल्यात. एकाच जागी ब्रेक लावला. आधी कोण थांबेल? तुम्हीच सांगा.

हनुमंत : भरलेली.

मॅडम : का?

हनुमंत : वजनानं गाडी रस्त्याला चिकटून बसती. रिकामी उड्या मारत जाती. वीस वर्सं चालवतोय मॅडम.

मॅडम : बेचाळीस पोरांपैकी अडतीस जणांनी हेच लिहिलं. म्हणून मी व्हरांड्यात फळी तिरकी लावली. एक लाकडी पेटी रिकामी सोडली, तीच पेटी विटा भरून सोडली. फळीवरून घसरत खाली आली, फरशीवर घासत गेली आणि थांबली. दोन्ही वेळा त्याच फरशीवर. पोरं बघतच राहिली. वजन वाढलं की घर्षण वाढतं, पण थांबवायचं ओझंही तेवढंच वाढतं. दोन्ही फिटंफाट. म्हणून वजनानं फरक पडत नाही.

हनुमंत : फरक पडत न्हाई?

मॅडम : नाही.

हनुमंत : मंग तर झालंच की! एक ट्रॉली काय न् दोन काय. मंग ह्या बयेनं पिन कशापायी काढली?

मॅडम : तेच तर. माझ्या उत्तराप्रमाणं तिनं काळजी करायचं कारणच नाही. थांबा, बोलावते. प्रगती! अगं, दारातच उभी आहेस होय? ये आत. दप्तर कशाला घेऊन आलीस?

प्रगती : त्यातच आहे, मॅडम.

हनुमंत : पिन? दोन किलोचं लोखंड दप्तरात घालून अडीच किलोमीटर चालत आलीस?

प्रगती : घरी ठेवली असती तर तुम्ही हुडकली असती.

हनुमंत : दे हिकडं.

मॅडम : एक मिनिट, हनुमंतराव. प्रगती, आपण करून बघितलं ना वर्गात? पेटी दोन्ही वेळा एकाच फरशीवर थांबली. तुझ्या डोळ्यांसमोर.

प्रगती : हो मॅडम.

मॅडम : मग?

प्रगती : मी लिहिलं होतं, रिकामी आधी थांबेल. तुम्ही लाल फुली मारली.

मॅडम : कारण ते चूक होतं.

प्रगती : ती पेटी होती, मॅडम. पेटी घासत जाते. ट्रॉली घासत नाही. गडगडत जाते.

मॅडम : बरोबर, पण ब्रेक लावला की चाक अडतं. मग ती पेटीसारखीच घासत जाणार.

प्रगती : कोणतं चाक?

मॅडम : कोणतं म्हणजे? सगळीच.

हनुमंत : सगळी? मॅडम, ट्रॉलीला ब्रेक कुठं असतो?

मॅडम : नसतो?

हनुमंत : न्हाई वो. ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीला नुसती चाकं. नव्या काही ट्रॉल्यांना बसवून येतो म्हणत्यात, आमच्या हिकडं तरी मी बगितला न्हाई.

मॅडम : म्हणजे दोन ट्रॉल्या उसानं शिगोशीग भरलेल्या, आणि त्या सगळ्यांना आवरायला ट्रॅक्टरची दोनच चाकं?

हनुमंत : दोनच. आन् ह्यो पाय.

मॅडम : अरे देवा.

हनुमंत : तुम्हाला म्हाईत न्हवतं?

मॅडम : नव्हतं. मी दौंडची. रेल्वे कॉलनीत वाढले. वडील मालगाडीवर ड्रायव्हर होते. लहानपणी यार्डात त्यांच्यामागं फिरायचे तेव्हा ते दाखवायचे, हा बघ पाइप, यातून हवा प्रत्येक डब्यापर्यंत जाते, प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक. माझ्या डोक्यात ट्रॉली म्हणजे मालगाडीचा छोटा डबा. मी कधी खाली वाकून बघितलंच नाही.

हनुमंत : रोज आमच्याच ट्रॉल्यांच्या मागं तुमची स्कूटी आसती.

मॅडम : आणि रोज हॉर्न वाजवते. प्रगती, तुझं उत्तर बरोबर होतं. पेटीचा प्रयोग खोटा नव्हता, पण तो ट्रॉलीचा प्रयोगच नव्हता. थांबवणारा जोर तेवढाच, आणि थांबवायचं ओझं तिप्पट. भरलेली लांबच जाणार.

हनुमंत : म्हंजी शाळेत चुकीचं शिकवलं?

मॅडम : हो. मी चुकीचं शिकवलं.

हनुमंत : असं म्हणत्यात व्हय शिक्षक लोकं?

मॅडम : म्हणायला पाहिजे. तू त्या दिवशी का नाही बोललीस, प्रगती?

प्रगती : हात वर केला होता. घंटा झाली. आन्… सगळे टाळ्या वाजवत होते, मॅडम. तुम्ही पण खूश होता. मला वाटलं आधी करून बघावं, मग बोलावं. तुम्हीच म्हणता ना तसं.

मॅडम : मग बघितलंस करून?

प्रगती : रविवारी. आज्जीची पाण्याचे कॅन आणायची दोन चाकी ढकलगाडी आहे, ती आपल्या वर्गातल्या राजनंदिनीच्या सायकलीला मागं बांधली. दोरीनं नाही, बांबूनं. दोरी असती तर गाडीनं मागून रेटलं नसतं. बंधाऱ्याच्या रस्त्यानं सायकल चालवली आणि चुन्याची रेघ आली की मागचा ब्रेक दाबायचा. गाडी रिकामी होती तेव्हा चार पावलांवर थांबले. पाण्याचे दोन कॅन ठेवले, सहा पावलं. चार कॅन ठेवले, आठ पावलं. प्रत्येक ओझ्याला पाच-पाच वेळा केलं.

मॅडम : पाच-पाच वेळा! वेग सारखा कसा ठेवलास?

प्रगती : राजनंदिनी शेजारनं पळायची, नेहमी तेवढ्याच दमात. तिच्या पुढं जायचं नाही, मागं राहायचं नाही. शेवटच्या वेळी गाडी नुसती मागून नाही आली, आडवी वळली. मी कांद्याच्या वाफ्यात गेले.

हनुमंत : म्हणून कोपर सोलपटलं व्हय तुझं? मला तर म्हणलीस शेरडानं ढकललं.

प्रगती : तुम्ही बी म्हणला व्हता मोटारसायकल आडवी आली.

मॅडम : कसली मोटारसायकल?

हनुमंत : काय न्हाई मॅडम. घरातलं हाय.

प्रगती : घरातलं न्हाई आप्पा, गावातलं झालंय. मॅडम, गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी आप्पांच्या दोन ट्रॉल्या घेऊन आम्ही ओढ्याच्या उतारानं चाललो होतो. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले होते, मावशीकडं जायचं होतं, एसटी गेली होती. उतारावर ट्रॅक्टर सुटला. रस्त्याच्या खाली गेला. मागची ट्रॉली आडवी झाली, सगळा ऊस पांगला. आम्हाला काही लागलं नाही. आप्पांनी सगळ्यांना सांगितलं, मोटारसायकलवाला आडवा आला. म्हाळूमामा आजून त्या मोटारसायकलवाल्याला शिव्या देतात. पण तिथं कोणीच नव्हतं. मोकळा रस्ता होता.

हनुमंत : तुला ध्यानात हाय ते?

प्रगती : मी तुमच्या शेजारीच व्हते की.

हनुमंत : मंग वरीसभर बोलली का न्हाईस?

प्रगती : मला वाटलं, तुम्हाला डुलकी लागली. तीन दिवस तुम्ही नीट झोपला नव्हता. म्हणून आईला बी बोलले न्हाई.

हनुमंत : डुलकी न्हवती लागली.

प्रगती : आता कळलं मला. कांद्यात पडल्यावर कळलं. मी बी ब्रेक दाबलाच व्हता.

मॅडम : हनुमंतराव, पाणी घ्या.

हनुमंत : दाबला व्हता मॅडम. नुसता दाबला न्हाई, सीट सोडून उभा ऱ्हायलो ब्रेकवर. सगळा भार दिला. आन् तरी मागनं कोण तरी रेटावं तसं रेटत व्हतं. मागची चाकं अडलेली, घासत चाललेली, आन् ट्रॅक्टर चाललाय. मला वाटलं ब्रेक गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं खोलून बगितला. मिस्त्री म्हणला, ब्रेक येकदम चांगला हाय, तुझाच पाय बसला नसंल. मला बी तसंच वाटाया लागलं. वीस वर्सं चालवतोय, आन् पोरगी शेजारी असताना माझा पाय नीट बसला न्हाई. हे कुणाला सांगावं? म्हणून मोटारसायकल सांगितली.

मॅडम : ब्रेक चांगला होता आणि पायही बरोबर बसला होता. ब्रेकनं ट्रॅक्टरची चाकं धरली. मागच्या वजनाला धरणारं कोणीच नव्हतं. ते चाललं होतं तसंच चालत राहिलं. तुम्ही मगाशी म्हणालात ना, जोर संपला की गाडी थांबते? त्या दिवशी जोर संपला नव्हता.

हनुमंत : न्हाई संपला. लई लांब नेलं.

प्रगती : आप्पा, म्हणून पिन घेतली मी. दोन ट्रॉल्या नगं.

हनुमंत : आगं, दोन ट्रॉल्या न्हेल्या न्हाईत तर मुकादम दुसरा ट्रॅक्टर बगंल. एका ट्रॉलीवर कोण बी चालवत न्हाई ह्या शिवारात. तुझं गणित बराबर आसंल, पर मी करू काय? मॅडम, तुम्ही सांगा. गणित घातलंय तर उत्तर बी द्या.

मॅडम : माझ्याकडं नाही उत्तर.

हनुमंत : वा!

मॅडम : खरंच नाही. ट्रॉलीला ब्रेक नसतो हे मला दहा मिनिटांपूर्वी कळलं. उतारावर ट्रॅक्टर कसा आवरायचा हे मी तुम्हाला कुठून सांगू? पण तुम्ही चांगले ड्रायव्हर इतकी वर्षं काय करता, ते सांगू शकाल. आमची पोरं मोजू शकतील. शनिवारी ट्रॅक्टर मैदानावर आणाल?

हनुमंत : शाळंत?

मॅडम : एक रिकामी ट्रॉली, एक भरलेली. बेचाळीस पोरांच्या डोक्यात मी पेटी बसवून ठेवलीय. ती काढायला मला तुमची ट्रॉली पाहिजे. यातली बरीच पोरं दोन-चार वर्षांत स्वतः ट्रॅक्टरवर बसणार आहेत.

हनुमंत : सीझन चालू हाय मॅडम.

मॅडम : एक तास. कारखान्याला जाता जाता.

हनुमंत : बघू. प्रगते, पिन दे आता.

प्रगती : देते. पण आज ओढ्याच्या उतारानं जायचं न्हाई.

हनुमंत : वरच्या रस्त्यानं चार किलोमीटर जास्त पडतं.

प्रगती : पडूंद्या.

हनुमंत : …बरं. वरच्या रस्त्यानं जातो. दे.

प्रगती : घ्या.

मॅडम : आणि तुझी वही दे, प्रगती. ती फुली खोडते.

प्रगती : नको मॅडम, राहूद्या. तिच्याखाली लिहा का चुकलं ते. नाहीतर मीच नंतर विसरेन.

मॅडम : लिहिते. ‘पेटी घासते, ट्रॉली गडगडते. चूक शिक्षिकेची.’ चालेल?

प्रगती : तारीख टाका.

(शनिवार, सकाळची शाळा सुटायच्या वेळी. शाळेचं मैदान.)

मॅडम : सगळ्यांनी दोरीच्या मागं! सत्यजीत, दोरीच्या मागं म्हणजे मागं, पाय पण. हेडसरांनी एवढ्या एका अटीवर परवानगी दिलीय. अंदाज लिहिले? आता कुणी खोडायचं नाही. प्रगती, चिठ्ठ्या मोजल्यास?

प्रगती : बेचाळीस. ‘सारखंच अंतर’ लिहिणारे एकतीस. ‘भरलेली आधी थांबेल’ चार. ‘रिकामी आधी’ सात.

मॅडम : एकतीस! बघा हनुमंतराव, माझी पेटी किती घट्ट बसलीय.

हनुमंत : आन् चौघं माझ्यावाणी.

मॅडम : गियर कोणता ठेवणार?

हनुमंत : दोन्ही वेळंला तिसरा. थ्रॉटलच्या लिव्हरला खूण केलीय, तिथनं हालवणार न्हाई. चुन्याची रेघ आली की क्लच आन् ब्रेक संगट. पयली रिकामी.

मॅडम : प्रगती, रेघेपासून मोजायचं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापर्यंत. चला, हनुमंतराव!

प्रगती : …थांबली. एक, दोन, तीन, चार. चारला जरा कमी.

मॅडम : लिहा सगळ्यांनी. पुन्हा एकदा, हनुमंतराव! एका वेळेवर विश्वास ठेवायचा नाही.

प्रगती : चार. आता बरोबर चार.

मॅडम : आता भरलेली जोडा.

हनुमंत : दोरी आजून मागं घ्या मॅडम. आजून दहा पावलं. आजून. हां.

मॅडम : सगळे मागं! या!

प्रगती : …सात, आठ, नऊ, दहा… अकरा! अकरा, मॅडम!

हनुमंत : चाकाच्या रेघा बगा मातीवर. मागची चाकं अडलीत, घासलीत, तरी चाललाय. दिसलं का रे पोरांनो? ब्रेक लागलाय. लागला न्हाई असं न्हाई.

मॅडम : ‘सारखंच’ लिहिणाऱ्यांनी हात वर करा. लाजू नका. तुम्ही मी शिकवलेलं लिहिलंत. आता मला सांगा, पेटीत आणि ट्रॉलीत फरक काय? …हो, रुद्र. …बरोबर. पेटीचं जेवढं वजन तेवढं सगळं घासत होतं. ट्रॉलीचं वजन घासतच नाही, ते चाकांवर आरामात चाललंय. सोमवारी येताना प्रत्येकानं एक गोष्ट शोधून आणायची, जिला ओझं भरपूर आणि ब्रेक एकाच टोकाला.

प्रगती : मॅडम, सत्यजीत विचारतोय, मग उतारावर काय करायचं?

मॅडम : ते मला नाही, ट्रॅक्टरवर बसलेत त्यांना विचार.

हनुमंत : उतारावर व्हय? आईक. ब्रेकनं आवराया जायचं न्हाई. उतार लागायच्या आधीच बारका गियर टाकायचा, इंजिनला धरू द्यायचं. क्लच दाबायचा न्हाई, न्यूट्रल तर अजाबात न्हाई. वेग आधीच कमी आसला की मागची रेटत न्हाई. दोन ट्रॉल्या आसतील तर जड पुढं, हलकी मागं. आन् शिग लावायचा न्हाई, फळीच्या वर ऊस नगं. हे मला म्हाईत न्हवतं असं न्हाई, आईकलेलं व्हतं. पर मी म्हणायचो, वजनानं गाडी रस्त्याला चिकटून बसती, कशाला भ्यायचं. वीस वर्सं तसंच समजत व्हतो.

मॅडम : टाळ्या वाजवायच्या आधी कुणाला काही विचारायचंय?

हनुमंत : मॅडम, मलाच एक सांगायचंय. पोरांनो, गेल्या वर्सी ओढ्याच्या उताराला माझ्या ट्रॉल्या पलटी झाल्या, तुम्ही बगाया आला व्हता. मोटारसायकलवाला आडवा आला, असं मी सांगितलं. कुणी आडवं आलं न्हवतं. मागच्या वजनानं रेटलं. एवढंच.

मॅडम : हे सांगायची काही गरज नव्हती, हनुमंतराव.

हनुमंत : म्हाळूचा पुतण्या बसलाय थितं, तिसऱ्या रांगंत. दुपारपर्यंत गावभर हुईल. बरं झालं. मलाच सांगत हिंडाया नगं.

मॅडम : मुकादम काय म्हणेल?

हनुमंत : त्याच्याशी काल बोललोय. शिग लावणार न्हाई म्हणलं, मागची ट्रॉली पाऊणच भरणार. लई तणतणला. मंग म्हणला, एक आठवडा बगतो.

मॅडम : आणि आठवड्यानंतर?

हनुमंत : ते त्यालाच ठावं. मी बी आठवडाच मागितला व्हता. चला, निघतो. ही रिकामी रानात पाऊण भरतो, मंग कारखाना. वरच्या रस्त्याला डांबराचं काम काढलंय, बंद हाय. आज ओढ्यावरनंच जावं लागणार.

प्रगती : आप्पा, थांबा.

हनुमंत : आता काय? पिन बगितली सकाळी, जागेवर हाय.

प्रगती : बारका गियर कुठं टाकता तुम्ही? ओढ्याच्या आधी?

हनुमंत : टाकायचो उतार लागला की.

प्रगती : आन् आता?

हनुमंत : आता… म्हसोबाच्या देवळापाशी टाकीन म्हणतो.

प्रगती : देवळापासनं उतारापर्यंत एकशे चाळीस पावलं हायती.

हनुमंत : कवा मोजली?

प्रगती : परवा. शाळेतनं येताना.

हनुमंत : पुरत्यात?

प्रगती : मागची पाऊण भरली आसंल तर पुरत्यात.

हनुमंत : बरं. मंग देवळाच्या जरा अलीकडंच टाकतो.